ग्वाल्हेरचे जुने पिस्तूल

गांधीहत्येविषयी लिहिताना आपल्याकडे ‘नियती’ हा शब्द फार सहज येतो. शोकांतिकेला तो शोभतो. इतिहासात मात्र तो उत्तरदायित्व झाकतो, असे आम्हांस वाटते. शस्त्राची हकीकत पाहिली की हे उमगते.

२० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागील रानात दोन रिव्हॉल्व्हर चालवून पाहण्यात आली, अशी साक्ष माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने दिली. एकाचे चक्र फिरेना. दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचेना. संध्याकाळचा बेत फसला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. नथुराम गोडसे व नारायण आपटे निसटले. भरवशाच्या शस्त्राचा त्यांचा शोध २८ जानेवारीस ग्वाल्हेरात संपला. मिळाले ते वापरलेले बेरेटा, १९३४ च्या नमुन्याचे, क्रमांक ६०६८२४. या निमस्वयंचलित पिस्तुलाला फिरते चक्रच नसते. झाडलेल्या गोळीच्या धक्क्याने पुढची आपोआप नळीत येते. ते मिळवून दिल्याचा आरोप असलेले डॉ. दत्तात्रय परचुरे १९४९ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष सुटले.

३० जानेवारीस त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

पाहवाची अटक आणि खून यांत दहा दिवस होते. त्याच्या जबानीत साथीदारांचा माग होता. पोलिसांनी तो नीट काढला नाही, असा ठपका कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात ठेवला. जुने पिस्तूल शोधण्यात मारेकऱ्यांचे दिवस गेले. तेच दिवस शासनाच्याही हाती होते. त्यांना नियती म्हणणे म्हणजे हा हिशेब मिटवून टाकणे होय.