वाळूला सातबारा नसतो : अहेरीचा उन्हाळा, भाजीच्या वाड्या आणि आपले कागद



पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "ताई, विषय गावाकडचा घ्यायचा आहे, पण त्यावर कागदच सापडत नाहीत. मग विषय बदलायचा का?" फोनवर मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि नंतर वाटलं, हे नीट लिहायला हवं. माझी स्वतःची चूक याच वळणावर झाली होती.

माझा विषय अहेरी भागातला उन्हाळा आणि भाजीपाला. पहिल्या आराखड्यात मी एक वाक्य अगदी ठामपणे लिहिलं होतं : "ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाजी कमी." मार्गदर्शकांनी त्याच्या बाजूला पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. मला तेव्हा रागच आला. आता इतकं उघड असलेलं सुद्धा सिद्ध करायचं का?

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मला प्राणहितेच्या काठावर मिळालं. एका ढिवर आजीला मी विचारलं, "आजी, कोणत्या उन्हाळ्यात तुमची डांगरवाडी सगळ्यात जास्त बुडाली?" मला एखाद्या दुष्काळी सालाची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "पाऊस कमी पडला म्हणून नाही गेली पोरी आमची वाडी. पानी आला म्हणून गेली. अन् तो बी ऊन तापत असताना."

म्हणजे माझं वाक्य निदान त्यांच्या वाडीपुरतं उलटंच होतं. का, ते सांगते.

कागदात भाजी कुठे असते?

अहेरीचा इतिहास शोधायला बसलं की ठरावीक साधनं हाती येतात. मेजर ल्युसी स्मिथचा चांदा जिल्ह्याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल, १९०९ चं चांदा जिल्हा गॅझेटियर आणि मध्य प्रांताचे दरवर्षीचे हंगाम व पीक अहवाल. ही सगळी साधनं महसुलासाठी तयार झाली, हे आधी लक्षात घ्या. ज्या पिकावर सारा ठरतो त्याची नोंद बारीक. भात, ज्वारी, जवस यांना पानंच्या पानं. भाजीपाला मात्र शेतीच्या आकडेवारीत फळं आणि कंदमुळांबरोबर एकाच रकान्यात कोंबलेला. त्या रकान्यातून वांगं वेगळं काढून दाखवा, मी तुम्हाला जेवण देईन!

अहेरीची अडचण आणखी वेगळी. ही चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी. जमीनदाराकडून सरकारला ठोक 'टाकोळी' मिळायची. त्यामुळे सुरुवातीच्या काळात इथल्या शेताशेताचा हिशेब खालसा गावांइतका बारीक झालाच नाही. शिवाय नोंदीचा साचा खरीप-रब्बीचा. जानेवारीत लावून मेमध्ये संपणारी वाडी या दोन्हींत धड बसत नाही.

मग हा विषयच नाही असं समजायचं का? नाही. कागद गप्प बसतो त्यालाही कारण असतं, आणि ते कारण शोधणं हेसुद्धा संशोधनच.

एक उन्हाळा, तीन वाड्या

माझी दुसरी चूक म्हणजे 'भाजी उत्पादक' हा एकच गठ्ठा धरणं. प्रत्यक्षात या भागात निदान तीन तऱ्हेच्या वाड्या दिसतात.

पहिली घरामागची सांदवाडी. तिथे वालाचा मांडव, चार वांगी, मिरची, अंबाडी, थोडा सांबार (पश्चिमेकडच्या वाचकांनी कोथिंबीर समजावं). पाणी घरच्या विहिरीचं किंवा हातपंपाचं, आणि ते आणणारी बहुतेक घरातली बाई. दुसरी माळी-मरार कुटुंबांची विहिरीवरची किंवा बोडीच्या काठची विक्रीची वाडी. तिथे वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, भेंडी, बरबटी. आणि तिसरी नदीच्या पात्रातली, ढिवरांची डांगरवाडी.

पाऊस कमी झाला तर पहिल्या दोन वाड्यांना फटका बसतो, यात वाद नाही. बोडी मार्चमध्येच आटते, विहिरीचा दोर लांबत जातो. तिसरीचं गणित मात्र निराळं आहे.

पावसाळा सरला की प्राणहिता हळूहळू आक्रसते आणि दोन्ही बाजूंना वाळू उघडी पडते. वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे किंवा चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, भिजवलेलं बी टोचायचं. टरबूज, डांगर, काकडी, कारलं, भोपळा. वाऱ्याने वाळू उडून रोपं गाडली जाऊ नयेत म्हणून कुडाचा आडोसा करायचा. सुरुवातीला मडक्याने पाणी घालावं लागतं. मूळ एकदा ओलीपर्यंत पोचलं की वेल स्वतःचं बघतो. वर वाळू पाय भाजेल अशी तापलेली आणि खाली हातभर खोल गारवा!

आता विचार करा. पाऊस थोडा कमी झाला तर नदी लवकर उतरते, वाळू लवकर मोकळी होते, लावणी लवकर होते आणि माल बाजारात आधी येतो. पाऊस फारच कमी झाला तर ओल इतकी खोल जाते की मूळ तिथे पोचत नाही. पाऊस उशिरापर्यंत लांबला तर लावणीच लांबते. आणि पीक उभं असताना वरून पाणी आलं तर एका रात्रीत सगळं संपतं. म्हणजे पाऊस आणि भाजी यांचं नातं सरळ रेषेचं नाही. माझं ते ठाम वाक्य तीन वाड्यांपैकी दोनच पाहून लिहिलेलं होतं.

कोरडी नदी कुणाची अडचण?

इथे इतिहासातला एक प्रसंग फार उपयोगी पडतो. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी गोदावरी-प्राणहिता-वर्धा हा जलमार्ग तयार करण्याचा घाट घातला होता. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस आगबोटींनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, ही कल्पना. कर्नल हेग हे या कामावरचे अभियंता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते आणि त्यातला तिसरा प्राणहितेवर, आपल्या अहेरीजवळच्या देवलमरीला. खडक फोडता आले असते, कालवे काढता आले असते, पण उन्हाळ्यात नदीत बोट तरंगेल एवढं पाणीच राहत नव्हतं. मार्ग वर्षातले काही महिनेच चालण्यासारखा. तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली आणि कापसाला दुसरी वाट मिळाली. अफाट खर्च करून १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आलं.

ज्या उतरलेल्या पाण्याने अभियंत्यांची योजना बुडवली, त्याच उतरलेल्या पाण्यावर वाळूतली वाडी उभी राहते. एकाच नदीचं मे महिन्यातलं एकच पात्र. एकाच्या लेखी तो अडथळा आणि दुसऱ्याच्या लेखी ती जमीन. अभियंत्याकडे लिहायला कागद होता, म्हणून 'कोरडी प्राणहिता म्हणजे तोटा' ही समजूत दप्तरात राहिली. मी तीच समजूत नकळत उचलली होती.

ढिवरांबद्दल कागदात अगदीच काही नाही असं नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात, ढीमर लोक नदीकाठच्या वाळूत टरबूज-काकड्या पिकवतात अशी नोंद आहे. पण लगेच शेरा असा की खऱ्या शेतीत ते फारसे तरबेज नाहीत. हा शेरा वाचताना थांबा. 'खरी शेती' कोणती हे कुणी ठरवलं? नांगर, बैल आणि सारा असेल ती शेती, आणि वाळूत मुळाची ओल ओळखणं ही शेती नाही? साधन खोटं नसतं, पण ते कुठे उभं राहून बघतंय ते आपण पाहायचं.

ऊन आणि झाड

आता निव्वळ उन्हाबद्दल. या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नेहमीचंच, ४५ ओलांडला तरी कुणाला नवल वाटत नाही. पण सगळी झाडं हे ऊन सारखं सोसत नाहीत. टमाट्याचं घ्या. दिवस साधारण ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रही उकाड्याची गेली की परागकण निकामी होतात, फूल येतं आणि गळतं. झाड हिरवं, फळ नाही. वेलवर्गात कडक ऊन आणि मोठा दिवस यांमुळे नरफुलं वाढतात, मादीफुलं कमी होतात. कोरड्या हवेत फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी वाढतात. मग मिरचीवर चुरडा-मुरडा, भेंडीवर पिवळ्या शिरांचा केवडा. उलट अंबाडी, चवळी, गवार ही तशी सोशिक पिकं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यायचं? टमाटा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेकडच्या. त्यातला टमाटा आपल्या बाजारात उशिरा रुळला, आणि आज तर त्याच्याशिवाय भाजीची पाटी पूर्ण होत नाही. म्हणून "उन्हाळा पूर्वीपेक्षा जास्त मारतो" असं कुणी सांगितलं तर दोन प्रश्न वेगळे करा. ऊन वाढलं का? आणि उन्हाला न टिकणारी पिकं आपण जास्त लावायला लागलो का? दोन्ही खरं असू शकतं. पण पहिल्याचा पुरावा हवामानाच्या नोंदींत शोधायचा आणि दुसऱ्याचा बाजारात, बियाण्याच्या दुकानात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत.

मे महिन्यातली ओस वाडी

आणखी एक सापळा. मेमध्ये मी बऱ्याच सांदवाड्या ओस पडलेल्या पाहिल्या आणि वहीत लिहिलं, "पाणीटंचाई." नंतर कळलं की काही घरांच्या विहिरीला पाणी होतं, घरात माणूस नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात. मग तेंदूपानांचा हंगाम येतो, आणि वर्षातला रोख पैसा बहुतेक त्यातच असतो. काही जण त्याआधी मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. मग दिवसातून दोनदा वांग्याला पाणी कोण घालणार? ओस वाडी हा टंचाईचा पुरावा असू शकतो, मजुरीचाही असू शकतो. विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि ताजी भाजी नाही म्हणजे भाजीच नाही असंही नव्हे. हिवाळ्यात जास्तीची झालेली भाजी इथे उन्हात वाळवून ठेवतात. कोहळ्याच्या वड्या असतात, लाखोरीचा वाळवलेला पाला असतो. जे ऊन टमाट्याचं फूल गाळतं, तेच पावसाळ्याच्या तोंडाशी चूल चालू ठेवतं. बाजारातल्या पाट्या मोजून हे कळणार नव्हतं, त्यासाठी उतरंडीत डोकवावं लागलं.

मग आजींची वाडी कशी गेली?

आता मूळ गोष्टीकडे येते. प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा यांचं एकत्र पाणी. वैनगंगेवर आज गोसेखुर्दचं मोठं धरण आहे, चिचडोह बंधारा आहे. खाली गोदावरीवर २०१९ मध्ये मेडीगड्डा बंधारा सुरू झाला. त्याचं पाणी तुंबून सिरोंचा तालुक्यात शिरलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचेच खांब खचल्यावर ते सोडून द्यावं लागलं. म्हणजे नदीची पातळी आता फक्त पावसावर ठरत नाही, दारं कधी उघडतात यावरही ठरते. वाळूत वाडी करणाऱ्याचं सगळं ज्ञान 'नदी कधी उतरते' या अंदाजावर उभं असतं. तो अंदाजच डळमळला तर कितीही कसब असलं तरी काय कामाचं?

आजींच्या वाडीत पाणी शिरलं तेव्हा पंचनामा झाला नाही. कारण साधं आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र सरकारचं. पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये होते, आणि ती शेताच्या गट क्रमांकावर. वाळूला गट क्रमांक नाही, सातबारा नाही. म्हणून पीक नाही, म्हणून नुकसानही नाही! महसुलाच्या कागदावर आजींचं त्या वर्षी काहीच गेलेलं नाही.

आणि मी माझं ते वाक्य तसंच ठेवलं असतं, तर माझ्या प्रबंधातही त्यांचं काही गेलं नसतं. त्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाचे मी आज आभार मानते.

तर, मैत्रिणीला उत्तर

कागद सापडत नाही म्हणून विषय बदलू नको. तीन गोष्टी कर. एक, जो कागद सापडतो तो कशासाठी तयार झाला ते पहिल्या पानावर लिही. दोन, 'शेतकरी', 'भाजीवाले', 'दुष्काळ' असे मोठे शब्द फोड. कुणाची वाडी, कुठल्या पाण्यावर, कुठल्या महिन्यात? तीन, मुलाखतीत आपलं अनुमान प्रश्नात घालू नको. मी "कोणत्या दुष्काळात बुडाली?" असं विचारलं असतं, तर आजींनी मला एखादं साल सांगून वाटेला लावलं असतं.

आणि मुलाखतीला एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोच. दहानंतर वाळूत पाय ठेवता येत नाही, आणि सावलीला बसलेलं माणूस तोवर तेंदूच्या फळीवर निघून गेलेलं असतं.

तुमच्या गावच्या नदीत अशी वाडी होते का? काय पिकतं, तिला काय म्हणतात आणि ती शेवटची कधी बघितलीत, हे एका कागदावर लिहून ठेवा. तुमच्या संशोधनाचं ते पहिलं साधन समजा.