तंबू कुजवणारी बुरशी आणि मोसंबीची साल

वेरूळला सहल नेली की आपण मुलांना कैलास दाखवतो. काही लेण्यांत भिंतींवर उरलेला मातीचा गिलावा मात्र आपल्याही नजरेतून सुटतो. २०१६ साली राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे असल्याचे दाखवून दिले. हजाराहून अधिक वर्षे ते टिकले. भांगेमुळेच किडी दूर राहिल्या, असे त्या दोघांचे मत आहे.

धागा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. स्टार्चही ग्लुकोजचाच. भाकरी चावत राहिले की गोड लागते. धोतर कितीही चावले तरी लागणार नाही! कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी आहे, आणि ती जोडणी सोडवणारे विकर आपल्या लाळेत नाही.

१८१९ साली (याच वर्षी एका इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हा निव्वळ योगायोग) फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी लिननच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर मिळवली. पण आम्ल तयार झालेल्या साखरेचीही नासाडी करते आणि भांडीही खाते.

विकरांचा रस्ता सापडला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांच्या दमट हवेत अमेरिकन सैन्याचे सुती कापड भराभर कुजू लागले. ते वाचवण्यासाठी तपास सुरू झाला आणि हाती एक हिरवट बुरशी लागली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी वर्षानुवर्षे तिचा अभ्यास केला. तिची विकरे सेल्युलोजचे ग्लुकोज करतात हे उमगले, तेव्हा शत्रूलाच कामाला जुंपायचे ठरले. १९७७ साली तिला रीज यांचे नाव मिळाले: ट्रायकोडर्मा रीसी. त्याच दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीच्या विकरांवर काम झाले. आपले शेतकरी तिला भुईमुगाचे खोड कुजवणारी म्हणून ओळखतात.

आता मराठवाड्याची मोसंबी घेऊ. रस काढल्यावर फळाचे जवळजवळ निम्मे वजन साल-चोथा म्हणून उरते. त्यात सेल्युलोजबरोबर पेक्टिनही असते, म्हणून सेल्युलेजच्या जोडीला पेक्टिनेज लागते. दोन्ही मिळून सुमारे ५० अंश सेल्सिअसला चोथा पातळ करतात. मात्र पेक्टिनपासून सुटणारे मुख्य आम्ल नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही. मद्यार्क मिळतो तो ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या शर्करांपासून.

आणखी एक अडचण आहे, ती वर्गातच दाखवता येईल. मोसंबीची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पिळा, ठिणग्या उडतील. ते सालीतले तेल, मुख्यतः लिमोनीन. तेच यीस्टला मारते. म्हणून आंबवण्याआधी सालीला वाफ देऊन ते काढून घ्यावे लागते.