हाडवैद्यकी व ऑस्टिओपॅथी (शहापूर–मुरबाड)

मोडलेले हाड बसवणे, निखळलेला सांधा जागेवर आणणे आणि लचक, उसण, मुका मार यांवर हाताने उपचार करणे ही लोकपरंपरेतील विद्या म्हणजे हाडवैद्यकी. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या डोंगराळ तालुक्यांत, ग्रामीण महाराष्ट्रात इतरत्र चालते तशीच, ती बहुधा घराण्यातून पुढे जाते. ऑस्टिओपॅथी ही अमेरिकेत उगम पावलेली हस्तोपचारपद्धती आहे. सांधे, स्नायू व पाठीचा कणा यांच्या हालचालीतील अडथळा दूर करणे हे तिचे क्षेत्र. ताजा अस्थिभंग तिच्या कक्षेत येत नाही.

ग्रंथाधार : सुश्रुतसंहितेत निदानस्थानाचा १५ वा आणि चिकित्सास्थानाचा ३ रा अध्याय भग्नावर आहे. सांधा निखळण्याचे (संधिमुक्त) ६ आणि हाड मोडण्याचे (कांडभग्न) १२ प्रकार तीत सांगितले आहेत. हाडाला आधार देण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादींच्या साली व बांबू वापरावा, असे म्हटले आहे. यांपैकी मोह, पळस व बांबू या भागात सहज मिळतात. पट्टी थंडीत ७, समशीतोष्ण ऋतूत ५ व उन्हाळ्यात ३ दिवसांनी बदलावी. तरुण वयात सांधा महिन्यात, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळात स्थिर होतो. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही. फार आवळली तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, असा इशाराही तेथे आहे.

प्रचलित रीत : हाडवैद्य दुखरा भाग चाचपून हाड ओढून बसवतो आणि कापडाखाली बांबूच्या कामट्या लावून बांधतो. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप, लचकेवर तेल लावून चोळणे व शेकणे हे घरगुती उपायही चालतात. उसण भरल्यास पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाने दुखऱ्या जागी पाय लावावा, असा समज आहे. भाताच्या आवणीत दिवसभर वाकून राहिल्याने होणारी कंबरदुखी बहुधा स्नायूंची असते. ती काही दिवसांत पुष्कळदा आपोआप उतरते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते.

ऑस्टिओपॅथी : अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांनी १८७४ मध्ये ही पद्धती मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्कस्व्हिल येथे तिचे विद्यालय काढले. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर शस्त्रक्रियेसह सर्व वैद्यक व्यवसाय करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने केवळ हस्तोपचारकांची नोंदणी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रशिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले. कंबरदुखीत या उपचारांचा माफक उपयोग दिसतो. व्यायामाची जोड असावी, असे ब्रिटिश मार्गदर्शिका सांगतात. कवटीवरील हस्तोपचारांचा पुरावा दुबळा आहे.

पहिली भेट : उपचारक आधी दुखण्याचा इतिहास, जुने आजार, चालू औषधे विचारतो, मग रुग्णाला उभे करून, वाकवून, चालवून तपासतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती न विचारताही सांगावी. उपचार करताना सांध्यातून ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा निर्माण झाल्याने; हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. नंतर एक-दोन दिवस अंग दुखू शकते.

वर्ज्य स्थिती : अस्थिभंग, हाडाची ठिसूळता, कर्करोग आणि कण्याचा क्षय यांत कणा दाबणे वा झटका देणे धोक्याचे. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप व वजन घटणे आढळल्यास क्षयाची तपासणी आधी करावी. दोन्ही पायांतील बळ जाणे, जांघेत बधिरता, लघवी अडणे किंवा नकळत होणे या तातडीच्या खुणा आहेत. मानेला झटका दिल्याने मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीस इजा झाल्याची उदाहरणे क्वचित नोंदली आहेत.

आवळ पट्टीचा धोका : मुलाचा कोपर मोडल्यावर कामट्या घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा तुटून पंजा कायमचा आखडू शकतो. रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. पट्टीबाहेरची बोटे गार, निळसर वा बधिर झाली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सोडून रुग्णालय गाठावे. कोपर चोळल्यास स्नायूत हाड धरू शकते. हाड बाहेर आलेल्या जखमेवर लेप लावू नये. धनुर्वाताचा धोका असतो.

कायदा : नोंदणीवाचून वैद्यक व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये मनाई आहे. भारतात ऑस्टिओपॅथीची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. उपचारक भौतिकोपचारतज्ज्ञ असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक विचारता येतो.

स्थानिक सोय : शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक.