तळटीप : ‘बेकायदेशीर’

बेकायदेशीर – व्यवहारात हा शब्द ‘गुन्हा’ याच अर्थी सर्रास वापरला जात असला, तरी कायद्यातील त्याची व्याप्ती बरीच मोठी आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 43 नुसार जे अपराध असेल, जे कायद्याने निषिद्ध असेल किंवा ज्यामुळे दिवाणी दाव्यास कारण मिळेल, ते सर्व बेकायदेशीर ठरत असे. म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकातून बैलगाडी हाकणाऱ्यावर फौजदारी झाली नाही, तरी नुकसानभरपाईचा दावा होऊ शकत असल्याने त्याचे कृत्य या व्याख्येत बसते. याउलट ‘शून्य’ करार, म्हणजे न्यायालयामार्फत ज्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही असा करार, बेकायदेशीर असेलच असे नाही, आणि वकीलमंडळीही येथे गफलत करतात. 1872 च्या करार अधिनियमाचे कलम 30 पैजेचा करार शून्य ठरवते. तथापि असा करार बेकायदेशीर नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख खटल्यात 1959 मध्ये दिला, त्यामुळे पैजांसाठी केलेली भागीदारीही वैध ठरली. मुंबई इलाख्यात मात्र 1865 च्या स्वतंत्र कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही शून्य ठरवलेले होते.