हा चौकोन कुणाच्या मालकीचा?

वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजीच्या टपऱ्या आहेत. महाडकडून भोरला जाणारे घाट चढताना इथे हमखास थांबतात. यातल्या एखाद्या टपरीवाल्याने २०१७च्या सुरुवातीला ठरवलं असतं की आता मोबाइलवरून पैसे घ्यायचे, तर त्याचं एका काळ्या-पांढऱ्या चौकोनावर भागलं नसतं. नोटाबंदी नुकतीच होऊन गेली होती. एका कंपनीच्या वॉलेटचा चौकोन दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपला वाचता येत नव्हता. गिऱ्हाइकाकडे जे अ‍ॅप असेल त्याचा चौकोन दुकानात नसेल, तर खिशात पैसे असूनही ते देता येत नसत. शहरातल्या दुकानांच्या काउंटरवर म्हणून तीन-तीन, चार-चार चौकोन ओळीने चिकटवलेले दिसायचे.

आज कुठल्याही अ‍ॅपने कुठल्याही दुकानातला चौकोन स्कॅन होतो. तुमच्यापैकी अनेकांनी दुसरं काही पाहिलेलंच नसेल. पण हे आपोआप घडलेलं नाही. निरनिराळ्या ठिकाणी कुणीतरी आपला हक्क सोडला, किंवा त्यांना तो सोडायला लावला, म्हणून घडलं.

हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. रायगड किल्ला महाड तालुक्यातच येतो. तिथे १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. स्वतःचं नाणं असणं ही सार्वभौमत्वाची खूण होती. पण बाजारात एकच नाणं कधीच नसायचं. पुढे पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफाकडे जावं लागे, आणि सराफ त्यावर बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आपण हाच शब्द वापरतो. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया आणला, तेव्हा ही कटकट कमी होऊ लागली. नाणी वेगवेगळी असली की मधल्या माणसाचं फावतं, हा यातला धडा. वॉलेटच्या काळात सराफाची ती जागा अ‍ॅपवाल्या कंपन्यांना हवी होती.

बारकोडची गोष्टही अशीच आहे. उभ्या रेघांत माहिती साठवण्याच्या कल्पनेचं पेटंट नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांना १९५२ साली मिळालं. प्रत्यक्ष दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. ते रिगलीज च्युइंगमचं पाकीट होतं. मधली बावीस वर्षं स्वस्त लेझर आणि संगणक येण्यात गेली, तशीच सगळ्या दुकानदारांनी आणि उत्पादकांनी एकच पद्धत मान्य करण्यातही गेली. आज ही व्यवस्था जीएस१ नावाची जागतिक संस्था सांभाळते. बिस्किटाच्या पुड्यावर ८९०ने सुरू होणारा आकडा असतो, तो या संस्थेच्या भारतीय शाखेने दिलेला. त्याचा अर्थ ‘माल भारतात बनला’ असा पुष्कळजण घेतात. खरं तर त्यावरून एवढंच कळतं की कंपनीने आपला क्रमांक भारतात घेतला आहे.

क्यूआर कोड जन्मला १९९४ साली, जपानमध्ये. टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा नावाचा अभियंता होता. कारखान्यातले कामगार सुट्या भागांच्या खोक्यांवरचे बारकोड दिवसभर वाचून कंटाळत, कारण एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत आणि एका खोक्यावर अनेक बारकोड लागत. हाराने आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी माहिती भरली. त्याच्या कोडमध्ये ७,०८९ अंक मावू शकतात. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांमुळे यंत्राला कोड चटकन सापडतो. त्यांच्यातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ असं आहे. मासिकं, पत्रकं, खोकी असा नाना प्रकारचा छापील मजकूर तपासून, त्यात सर्वांत कमी आढळणारं प्रमाण म्हणून ते निवडलं गेलं.

यानंतर डेन्सोने जो निर्णय घेतला, त्यावर पुढचं सगळं उभं आहे. पेटंट कंपनीकडेच राहिलं, पण ठरलेल्या नियमांप्रमाणे कोड बनवणाऱ्या कुणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत असं तिने जाहीर केलं. नियम उघड केले. १९९९ साली जपानच्या राष्ट्रीय मानकात आणि २००० साली आयएसओच्या जागतिक मानकात क्यूआर कोड आला.

मोबाइलला कॅमेरे आले तेव्हा हा एकच कोड स्पर्धेत नव्हता. जपानमध्ये २००२ पासून फोन क्यूआर वाचू लागले, पण अमेरिका-युरोपात कंपन्यांनी आपापले कोड पुढे आणले. मायक्रोसॉफ्टचा रंगीत ‘टॅग’ २००९ साली आला. त्यात माहिती नसायचीच, फक्त एक क्रमांक असायचा आणि त्याचा अर्थ मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारावा लागे. कंपनीने २०१५ साली ही सेवा बंद केली आणि लोकांनी छापून ठेवलेले टॅग मुके झाले. बंद दाराच्या तंत्रज्ञानाचा धोका हा असा असतो. डेन्सो उद्या बंद पडली तरी क्यूआर कोड वाचता येतील, कारण तो कसा वाचायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे.

भारतातला निर्णय बराचसा मुंबईत झाला. रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने २००८ साली एनपीसीआय ही संस्था उभी केली. तिची यूपीआय ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. २० फेब्रुवारी २०१७ रोजी ‘भारत क्यूआर’ आला. रुपे, व्हिसा आणि मास्टरकार्ड या एकमेकांच्या स्पर्धकांनी एका चौकोनात राहायचं मान्य केलं. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड कंपन्यांच्या ईएमव्हीको या संस्थेने दुकानातल्या क्यूआरचे जागतिक नियम प्रसिद्ध केले ते त्यानंतर, त्याच वर्षी जुलैत.

तरीही कंपन्यांचे खाजगी चौकोन चालूच राहिले. म्हणून रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल आल्यावर २२ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश निघाला: नवा खाजगी क्यूआर कुणी काढायचा नाही, आणि जुने असतील त्यांनी ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालणाऱ्या क्यूआरवर यायचं. घाटातल्या टपरीवाल्याला एका चौकोनात धंदा करता येतो, त्यामागे हे परिपत्रकी भाषेतलं वळण आहे.

म्हणजे गोष्ट सुखान्त झाली का? पूर्ण नाही. क्यूआरमधला चौकोन खुला झाला, पण तो वाचणारी अ‍ॅप मोजकीच राहिली. यूपीआयचे बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपमधून होतात. कुठल्याही एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर केला. त्याची मुदत पुढे ढकलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत नेली आहे. बँक खात्यातून थेट केलेल्या यूपीआय व्यवहारावर आज दुकानदाराला शुल्क नाही. उद्या ते लागलं, तर सराफाचा बट्टा नव्या रूपात परत येईल, आणि तो किती असावा हे ठरवताना टपरीवाल्याला कुणी विचारणार नाही.

दुसरी उणीव डोंगराला माहीत आहे. क्यूआर कोडचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग फाटला किंवा तेलाने माखला तरी उरलेल्यातून तो वाचता येईल, अशी सोय त्याच्या नियमांतच आहे. पण त्या चौकोनात पैसे नसतात, खात्याचा पत्ता असतो. पैसे नेटवर्कवरून जातात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ८०हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली गेलं, वीज आणि मोबाइलची रेंज गेली. अशा वेळी चौकोन भिंतीवर शाबूत असून उपयोग नसतो. खिशातली नोटच चालते. इंटरनेटशिवाय पैसे पाठवायच्या सोयी आता आल्या आहेत, मात्र त्या दुकानाच्या चौकोनाइतक्या अंगवळणी पडलेल्या नाहीत.

रेघा कुठे, चौकोन कुठे, आकडा कुठला, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या बैठकांत खरं तर ठरतं ते हे की बाजारात कुणाला कुणाच्या परवानगीशिवाय उभं राहता येईल. त्या बैठका अजून संपलेल्या नाहीत.