अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय? आधी हे वाचा, मगच नवा फोन चालू करा

नवीन फोन हातात आला की कधी एकदा तो चालू करून बघतोय असं होतं. अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाताना त्यात फारसं बिघडत नाही. पण अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला असेल, किंवा उलट, तर हीच घाई नडते. काही गोष्टी नव्या फोनवर सहज येतात, काही येतच नाहीत, आणि व्हॉट्सॲपची जुनी चॅट्स आणण्याची सोपी संधी फोन पहिल्यांदा सेट करतानाच मिळते.

असं का होतं?

अँड्रॉइड ही गूगलची प्रणाली आहे आणि आयओएस ॲपलची. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात जातो, तर आयफोनवर आयक्लाउडमध्ये. एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. त्यामुळे ‘बॅकअप आहे ना, मग काळजी नाही’ हा हिशोब इथे चालत नाही.

सहज काय येतं?

जीमेल, गूगल फोटोज, ड्राइव्ह आणि गूगल खात्यात सेव्ह असलेले नंबर आयफोनवरही मिळतात. फक्त सिममध्ये किंवा फोनच्या मेमरीत सेव्ह केलेले नंबर आधी गूगल खात्यात हलवा. फोटोंसाठी जागेचाही विचार करा. गूगल १५ जीबी मोफत देतं, आयक्लाउडवर ५ जीबीच मिळते.

व्हॉट्सॲप चॅट्स कशी न्यायची?

२०२२ पासून ही चॅट्स ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून आयफोनवर नेता येतात. त्यासाठी:

- हे ॲप जुन्या अँड्रॉइड फोनवर टाका आणि दोन्ही फोन चार्जिंगला लावा.
- आयफोन सेट करताना अँड्रॉइडवरून डेटा आणण्याचा पर्याय निवडा.
- आयफोनवर दिसणारा कोड जुन्या फोनवर टाका आणि यादीतून व्हॉट्सॲप निवडा.
- डेटा आल्यावर आयफोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप सुरू करा.

आयफोन आधीच वापरायला घेतला असेल, तर या मार्गासाठी तो पूर्ण रिसेट करावा लागतो. घरातल्या गेलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज, धंद्यातल्या जुन्या ऑर्डरी असं बरंच काही चॅटमध्येच असतं. म्हणून हे काम सगळ्यात आधी.

यूपीआयचं काय?

बँकेतले पैसे सुरक्षितच असतात, पण यूपीआय ॲप तुमचं सिम आणि तुमचा फोन अशी जोडी ओळखतं. फोन बदलला की नोंदणी पुन्हा होते. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम नव्या फोनमध्येच हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. आयफोनवर हा एसएमएस आपोआप जात नाही, ‘सेंड’ स्वतः दाबावं लागतं. तुमच्या रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का, तेही आधी बघा.

नव्या फोनवर सुरुवातीचे किमान २४ तास यूपीआयची मर्यादा साधारण ५,००० रुपयांवर येते. आयफोनवर हा काळ बँकेनुसार जास्तही असू शकतो. त्यामुळे भाडं, फी किंवा दवाखान्याचं बिल भरायचं असेल, त्या दिवशी फोन बदलू नका.

काय येत नाही?

प्ले स्टोअरवर विकत घेतलेली ॲप्स ॲप स्टोअरवर पुन्हा विकत घ्यावी लागतात. एखादं सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमधून घेतलं असेल, तर नुसता फोन बदलून ते थांबत नाही, पैसे कटतच राहतात. नको असेल तर स्वतः रद्द करा. लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर तेही जुना फोन चालू असतानाच हलवा.

आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना

सिम काढण्याआधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयमेसेज आणि फेसटाइम बंद करा. नाहीतर इतर आयफोनवाल्यांनी पाठवलेले मेसेज जुन्याच खात्यावर जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. व्हॉट्सॲपसाठी अँड्रॉइड १२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असलेला फोन आणि दोन्ही फोन जोडणारी केबल घ्या. हे कामही नवा फोन सेट करतानाच होतं.

जुना फोन विकायचा कधी?

निदान आठवडाभर तो जवळ ठेवा. चॅट्स, फोटो, बँकेची ॲप्स, डिजिलॉकर असं सगळं नव्या फोनवर उघडून बघा. मग जुन्या अँड्रॉइडमधून गूगल खातं काढा, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा आणि त्यानंतरच रिसेट करा. हे राहिलं, तर फोन घेणाऱ्याला रिसेटनंतरही तुमचाच पासवर्ड मागितला जातो.