कोलोन : ६३२ वर्षांचे एक बांधकाम

ऱ्हाईन नदीच्या तीरावरील कोलोन हे जर्मनीतील शहर मूळचे रोमनांचे. ‘कोलोनिया’ म्हणजे वसाहत, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. आज त्याची ओळख आहे ती कॅथेड्रलच्या १५७ मीटर उंचीच्या दोन शिखरांमुळे. या शिखरांचा इतिहास वाचताना मंदिर नेमके कोण बांधतो, हा प्रश्न मनात पुनःपुन्हा येतो.

इ. स. ११६४ मध्ये आर्चबिशप रायनाल्ड फॉन डासेल यांनी मिलान येथून तीन राजांचे म्हणून पूजिले जाणारे पवित्र अवशेष कोलोनला आणले. त्यांच्यासाठी व्हर्दनच्या निकोलस या सुवर्णकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक भव्य सुवर्णमंजूषा घडविली. यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुने मंदिर अपुरे पडू लागले. तेव्हा १५ ऑगस्ट १२४८ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, आर्चबिशप कॉनराड यांनी नव्या मंदिराची कोनशिला बसविली. गेरहार्ड हा त्याचा पहिला स्थपती. वेदीकडील भागाचा अभिषेक १३२२ मध्ये झाला. पुढे पैसा आटला, उत्साह ओसरला आणि सोळाव्या शतकात काम थांबले. अर्धवट राहिलेल्या दक्षिण शिखरावरची लाकडी यारी मात्र तशीच उभी राहिली. पिढ्यामागून पिढ्या जन्मल्या व मातीला मिळाल्या, त्यांनी आपल्या शहराच्या आकाशात पाहिली ती ही थांबलेली यारीच.

१७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर घेतले आणि मंदिराचे कोठार झाले. पण १८१४ मध्ये दर्शनी भागाच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा भाग डार्मस्टाट येथे सापडला, आणि दुसरा अर्धा पॅरिसमध्ये मिळाला. मग १८४२ मध्ये प्रशियाचा प्रॉटेस्टंट राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने बांधकामाची पुन्हा कोनशिला बसविली. शासनाने पैसा दिला, नागरिकांच्या मंडळाने वर्गण्या गोळा केल्या, पुढे सोडतही काढली. आराखडा जुना असला तरी छपराचा सांगाडा मात्र नव्या युगातील लोखंडाचा बसविला गेला.

ऑक्टोबर १८८० मध्ये पूर्ततेचा सोहळा झाला. सम्राट पहिला विल्हेल्म उपस्थित होता. मात्र ज्यांचे हे मंदिर, ते आर्चबिशप पाउलुस मेल्शर्स तेथे नव्हते. बिस्मार्कच्या शासनाने कॅथोलिक ख्रिस्तसभेविरुद्ध मांडलेल्या संघर्षात त्यांना कारावास भोगावा लागला होता आणि १८७५ पासून ते परागंदा होते. जगातील त्या वेळची सर्वांत उंच इमारत सजली होती, पण धर्मप्रांताला मेंढपाळ नव्हता. अनेक कॅथोलिकांनी त्या सोहळ्यापासून संयमाने अंतर राखले. मेल्शर्स यांना आपल्या पीठावर परतता आले नाही. १८९५ मध्ये ते रोम येथे निवर्तले आणि त्यांचे पार्थिव मात्र या मंदिरात विसावले.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर बॉम्बचा वर्षाव झाला. शहराचा मध्यभाग बहुतांशी उद्ध्वस्त झाला, मध्ययुगातील रोमनेस्क मंदिरांची दैना झाली. कॅथेड्रलवरही बॉम्ब पडले, तरी ते उभे राहिले. लोखंडी छपराने आगीला दाद दिली नाही. थोड्याच अंतरावरील संत कोलुंबा मंदिर मात्र जमीनदोस्त झाले. तेथे एका स्तंभावर पवित्र मरियेची मूर्ती तेवढी टिकून राहिली. तिच्याभोवती गॉटफ्रीड ब्योम या स्थपतीने १९५० मध्ये छोटेखानी प्रार्थनामंदिर उभारले. पुढे २००७ मध्ये पेटर त्सुमटोर याने ते प्रार्थनामंदिर व जुने भग्नावशेष पोटात घेऊन राखाडी विटांचे कलासंग्रहालय बांधले. पडलेल्या भिंती त्याने झाकल्या नाहीत. नव्या भिंती त्यांवरच उभ्या केल्या.

त्याच वर्षी कॅथेड्रलमध्ये गेरहार्ड रिश्टर याची खिडकी बसली. अकरा हजारांहून अधिक चौकोनी काचा, ७२ रंग, आणि एकाही संताची आकृती नाही. कार्डिनल माइसनर यांना ती रुचली नाही. ऊन आले की तिचे रंग फरशीवर उतरतात आणि भाविक त्यांतून चालत वेदीकडे जातात.

१९९६ मध्ये हे मंदिर जागतिक वारसा ठरले. नदीपलीकडे उंच इमारतींच्या योजना आल्या, तेव्हा २००४ मध्ये ते धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. शहराने योजना आवरत्या घेतल्या आणि २००६ मध्ये नाव त्या यादीतून निघाले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातच आहे. गेरहार्डने शिखरे पाहिली नाहीत. मेल्शर्स यांनी सोहळा पाहिला नाही. ज्यांनी पाया खणला, त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनाही कळस दिसला नाही. आपल्याही धर्मग्रामात मंदिराच्या कामाला हात लावताना आपल्याला फळ लगेच हवे असते, संगमरवरी पाटीवर नावही हवे असते. कोलोनच्या भिंतींत दगड रचणाऱ्या बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. त्यांनी आपल्या वाट्याचा दगड नीट बसविला आणि पुढचे परमेश्वरावर सोपविले.